कांचेच्या टाकींतील समुद्रगवत : लागवड आणि तिच्यापासून मिळालेला धडा

भात, नाचणी आणि वरी यांखेरीज ज्या खोऱ्यांत दुसरें पीक फारसें दिसत नाहीं, त्या शिवथरास बसून आम्ही समुद्राच्या तळाशीं उगवणाऱ्या गवताची लागवड सांगूं लागलों, तर कित्येक वाचक हंसतील. समर्थांच्या घळीमुळें आमच्या गांवाचें नांव सर्वत्र ठाऊक आहे. समुद्राशीं त्याचा संबंध कोणी लावीत नाहीं. तथापि आमच्या डोंगरावर पडणारा पाऊस अखेर सावित्रीस मिळतो, आणि सावित्री महाड व दासगांव यांवरून बाणकोटच्या खाडीनें समुद्रास जाते. समुद्र आमच्या शिवेस लागून नसला, तरी आमच्या पाण्याच्या वाटेवर आहे.

२०२१ च्या जुलै महिन्यांत महाड व पोलादपूर या तालुक्यांवर जो अनर्थ कोसळला, तो वाचकांच्या स्मरणांत असेलच. २२ जुलै रोजीं तळिये गांवावर दरड कोसळून ऐंशींहून अधिक माणसें गेलीं, महाड शहर पाण्याखालीं गेलें, आणि नदीकांठच्या कित्येक शेतांवर दगडगोटे व रेती पसरली. त्या पावसाळ्यानंतर खाडीकांठचे आमचे व्याही घरीं आले असतां म्हणाले, "व्याहीबुवा, तुमच्या डोंगराची माती दरसाल आमच्या दारांत येऊन पडते. चिखलाखालीं मासळी राहत नाहीं. या मातीचा सारा आम्हीं कोणाकडे मागावा?" आमची सारी नोकरी महसूल खात्यांत कारकुनी करण्यांत आणि वसुलीचीं पत्रकें भरण्यांत गेली; परंतु या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हतें. गढूळ पाण्यानें समुद्राच्या तळाशीं काय बिघडतें, तें एकदां स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, या हेतूनें आम्हीं हा उद्योग आरंभिला. पीकपाहणीची संवय जुनी असल्यामुळें टाकीचा रोजनामा ठेवला. त्यांतील उपयोगाचा भाग पुढें देतों.

समुद्रगवत म्हणजे काय ?

समुद्रांत खडकावर जें हिरवें, तांबडें किंवा तपकिरी शेवाळ वाढतें, त्यास खरीं मुळें नसतात. तें दगडास धरून राहतें आणि आपलें अन्न सर्वांगानें पाण्यांतून घेतें. समुद्रगवत निराळें. त्यास मुळें आहेत, वाळूंत सरपटणारें कांडें आहे, पानें आहेत. त्यास फुलें येतात आणि बीं धरतें. त्याचे परागही पाण्यांतूनच वाहत एका फुलापासून दुसऱ्या फुलाकडे जातात. त्याचे पूर्वज जमिनीवरचे. कोट्यवधि वर्षांपूर्वीं ते पुन्हां समुद्रांत गेले. त्यास गवत म्हणतात तें केवळ दिसण्यावरून. भात आणि हरळी यांच्या कुळांतलें तें नव्हे, मात्र त्यांच्याप्रमाणेंच एकदल वर्गांतलें आहे.

जगांत याच्या सुमारें ७० जाती आहेत. आपल्या देशांत मोठीं कुरणें तामिळनाडूकडील पाल्कची सामुद्रधुनी व मन्नारचें आखात, लक्षद्वीप आणि अंदमान येथें आहेत. आपल्या बाजूस मालवणचा किनारा व गोव्याच्या खाड्या येथें हॅलोफिला या नांवाची लहान जात सांपडते. या ग्रीक नांवाचा अर्थच मुळीं 'मीठ आवडणारी' असा आहे. हॅलोफिला ओव्हॅलिस हिचीं पानें लांबट गोल व जोडीजोडीनें येणारीं असतात. हॅलोफिला बेक्कारी तिच्याहून बारीक असून खाडीच्या चिखलांत, जेथें गोडें व खारें पाणी मिसळतें तेथें वाढते. ओदोआर्दो बेक्कारी या इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञावरून तिला हें नांव पडलें. ही जात जगांतून कमी होत चालल्यामुळें आंतरराष्ट्रीय यादींत तिची गणना संकटांत असलेल्या जातींत केली आहे.

या गवताचा उपयोग काय, असें शेतकरी विचारील. कोळंबी व कित्येक माशांचीं पिलें या कुरणांत लपतात आणि वाढतात. समुद्रगाय ऊर्फ डुगाँग हिचें तर हेंच मुख्य खाद्य. तिच्या रक्षणाकरितां तामिळनाडू सरकारनें २०२२ सालीं पाल्कच्या उपसागरांत ४४८ चौरस किलोमीटरांचें क्षेत्र राखून ठेवलें. शिवाय बांधावरील हरळीप्रमाणें याचीं मुळें तळची माती धरून ठेवितात, आणि पाण्यांत विरघळलेला कर्ब पानांवाटे घेऊन तळच्या चिखलांत दीर्घकाळ गाडून ठेवितात.

आरंभींच एक इशारा

कुरणांतून गवत उपटून आणूं नये. २०११ आणि २०१९ सालच्या किनारा नियमन अधिसूचनांत समुद्रगवताच्या जागा अतिसंवेदनशील वर्गांत घातल्या आहेत, आणि मालवणचें सागरी अभयारण्य तर १९८७ सालापासून राखीव आहे. आम्हीं आणलेलीं रोपें दक्षिण कोंकणांतील एका खाडीच्या तोंडाशीं, अभयारण्याच्या बाहेर, भरतीनें उपटून वाळूवर टाकलेलीं अशीं होतीं. तीं तेथें उन्हानें वाळून गेलींच असतीं. ज्यास हा प्रयोग करावयाचा असेल, त्यानें वन खात्याच्या स्थानिक कचेरींत आधीं विचारावें. कागद पुरा असला म्हणजे पुढील काम निर्धास्तपणें होतें.

पाणी

आमची टाकी ३ फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच आहे. वाळू घालून आणि वर चार बोटें जागा सोडून तींत सुमारें १५० लिटर पाणी राहतें. भरल्यावर तिचें वजन दीड क्विंटलाच्या बरेंच वर जातें, म्हणून ती पाटावर किंवा फळीवर न ठेवतां दगडी ओट्यावर ठेवावी.

समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. या हिशेबानें १५० लिटरांस सव्वापांच किलो मीठ लागतें. येथें आमची पहिली चूक झाली. मीठ तें मीठ, असें समजून आम्हीं बाजारांतील खडेमीठच विरघळविलें. आठ दिवसांत रोपांचा चिखल झाला. पुढें कारण कळलें. समुद्राच्या क्षारांत सोडियम व क्लोराइड यांचा भाग सुमारें ८५ टक्के असतो. उरलेल्या १५ टक्क्यांत मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम वगैरे असतात, आणि तींच झाडाचीं पोषक द्रव्यें. पेण-उरणकडील मिठागरें पाहिलेल्यांस हें लगेच समजेल. पाणी आटतांना चुन्याचा अंश आधींच्या वाफ्यांत तळाशीं बसतो, आणि मॅग्नेशियमचा अंश मीठ धरल्यावर उरलेल्या कडू पाण्यांतून निघून जातो. हातीं येतें तें केवळ खाण्याचें मीठ. म्हणून मत्स्यालयाकरितां तयार केलेलें समुद्री क्षारांचें मिश्रणच आणावें, किंवा स्वच्छ किनाऱ्यावरून खरें समुद्रपाणी पिंपांत भरून आणावें.

मिश्रण करण्यास पावसाचें पाणी उत्तम. पहिल्या चार सरी जाऊं देऊन, छप्पर धुऊन निघाल्यावर तें प्लॅस्टिकच्या पिंपांत धरावें. नळाचें पाणी असल्यास त्यांतील क्लोरीन काढून टाकणारें औषध घालावें. तांब्यापितळेचे हंडे व घंगाळें या कामीं अगदीं वर्ज्य. तांब्याचा थोडा अंशही टाकींतील गोगलगाईंस मारक होतो. खारटपणा पाहण्यास काट्याची नळी मिळते. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास असावें.

टाकींतून रोज पाणी उडून जातें, मीठ मात्र मागें राहतें. म्हणून कांचेवर पाण्याच्या पातळीची खूण करून, रोज सकाळीं त्या खुणेपर्यंत गोडेंच पाणी घालावें. खारें घातल्यास मीठ दिवसेंदिवस वाढत जातें. खाजणांत बांध फुटून पाणी शिरलें आणि तेथेंच आटलें, म्हणजे जमिनीवर पांढरी खपली धरते, प्रकार तोच.

पाणी तयार होतांच लावणी करूं नये. मलमूत्र व कुजका पाला यांपासून अमोनिया उत्पन्न होतो. एका जातीचे जिवाणू त्याचें नायट्राइट करितात आणि दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचें नायट्रेट करितात. शेतांत घातलेल्या खताचें जें होतें, तेंच टाकींत होतें. मात्र नव्या टाकींत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंवर वाट पाहावी.

वाळू

वाळू बारीक, धुतलेली, चार बोटें जाडीची असावी. मोठ्या जातींस याच्या दुप्पट लागते. आमच्या भातकरी वाचकांस येथें एक ओळखीची गोष्ट आढळेल. पाण्याखालच्या वाळूंत वरचें बोटभर सोडलें, तर खालीं प्राणवायु नसतो. तेथें सल्फेटापासून सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायु तयार होतो, आणि तो मुळांस विषारी आहे. समुद्रगवत यावर काय करतें? पानांत तयार झालेला प्राणवायु तें आंतल्या पोकळ नळ्यांतून मुळांपर्यंत नेतें आणि मुळांभोवतीं थोडा बाहेर सोडतें, म्हणजे तो विषारी वायु तेथल्या तेथें निरुपद्रवी होतो. भाताचें रोपही हेंच करतें. चिखलांतून भाताचें रोप उपटून धुतलें असतां मुळांवर जो तांबूस गंज दिसतो, तो याच प्राणवायूनें चिखलांतील लोखंडावर चढविलेला असतो. एवढ्या दूरच्या दोन वनस्पति एकाच युक्तीनें चिखलांत जगतात, हें पाहून आम्हांस मोठें नवल वाटलें.

यावरूनच उजेडाचें महत्त्व ध्यानांत येईल. उजेड नाहीं तर पानांत प्राणवायु नाहीं, आणि पानांत नाहीं तर मुळांस नाहीं. मग विष मुळांत शिरतें. अंधारांत हें गवत एकटें उपाशीं मरत नाहीं. त्यास खालून विषबाधाही होते.

उजेड

समुद्रगवतास पृष्ठभागावरील उजेडाच्या निदान दहाव्या हिश्श्याएवढा उजेड तळाशीं लागतो. शेवाळ याहून पुष्कळ कमी उजेडावर निभावतें. खिडकींतील कवडसा पुरत नाहीं, आणि दुपारचें ऊन थेट आलें तर पाणी तापतें. आम्हीं पांढरा एलइडी दिवा टाकीवर टांगून रोज दहा तास लावितों. पाणी २५ ते ३० अंशांत ठेवावें. वैशाखांत तें याहून वर जाऊं लागलें, तेव्हां टाकीचें झांकण काढून लहान पंख्याचा वारा पाण्यावर सोडला. मडक्यांतलें पाणी जसें गार होतें, तसेंच तें दोन-तीन अंश उतरलें.

लावणी

रोप निवडतांना कांड्याचें वाढतें टोंक शाबूत असलेलें व निदान चार-पांच पेरांचें घ्यावें. टोंक मोडलेलें रोप बहुधा वाढत नाहीं. कांडें बोटाच्या एका पेराएवढें वाळूखालीं आडवें दाबावें, पानें पूर्ण बाहेर ठेवावींत, आणि वर लहान खडा ठेवून तें जागच्या जागीं बसवावें. खोल गाडूं नये. भाताची खोल लावणी केली असतां फुटवा मागें पडतो, तसेंच येथें होतें.

लावल्यावर पहिल्या पंधरवड्यांत बहुतेक जुनीं पानें गळतात. दुसऱ्या खेपेस आमची चूक येथें झाली. रोपें मेलीं, असें समजून आम्हीं अर्धीं उपटून टाकलीं. उपटलेल्यांपैकीं दोन कांडीं सहज कांचेच्या पेल्यांत राहिलीं होतीं. तिसऱ्या आठवड्यांत त्यांस नवीं पानें आलीं. तेव्हां कांडें पांढरें व कडक असेपर्यंत हात लावूं नये.

खत, शेवाळ आणि वीज

तिसरी चूक अधिक लाजिरवाणी. वाढ मंद दिसली, म्हणून आम्हीं शेतकऱ्याच्या हातानें चिमूटभर युरिया पाण्यांत टाकला. पांच दिवसांत पाणी हिरवें झालें आणि पानांवर शेवाळाचा लेप चढला. पाण्यांत विरघळलेलें खत आधीं शेवाळ उचलतें, कारण तें सर्वांगानें खातें; तें माजलें म्हणजे गवताचा उजेड अडतो. तीन वेळां तिसरा हिस्सा पाणी बदललें, आणि शेवाळ खाणाऱ्या सहा लहान समुद्री गोगलगाई सोडल्या, तेव्हां कोठें तें आटोक्यांत आलें. खत द्यावयाचेंच झाल्यास अगदीं अल्प प्रमाणांत, गोळीच्या रूपानें, वाळूंत मुळांशीं दाबावें.

एका पावसाळ्यांत सलग तीन दिवस वीज नव्हती. दिवा नाहीं आणि पाणी हलविणारा पंपही नाहीं, अशा वेळीं रात्रीं प्राणवायु संपून सर्व नासण्याचा संभव असतो. आम्हीं दर दोन तासांनीं तांब्यानें, अर्थात् प्लॅस्टिकच्या, पाणी उचलून उंचावरून ओतीत होतों. रात्रीं पाळी घरच्या मंडळींनीं घेतली. गवत वांचलें. खेडेगांवांत टाकी ठेवणारानें बॅटरीवर चालणारा हवेचा लहान पंप अवश्य बाळगावा.

दोन बरण्या

टाकी स्थिर झाल्यावर, दुसऱ्या वर्षीं, मूळ प्रश्नाकडे वळलों. दहा-दहा लिटरांच्या दोन बरण्या घेतल्या. दोहोंत सारखी वाळू, सारखें पाणी आणि सहा-सहा रोपें. दोन्ही एकाच दिव्याखालीं ठेवल्या. एकींत आमच्या वरकस जमिनींतील तांबड्या मातीची एक मूठ रोज सकाळसंध्याकाळ ढवळून पाणी गढूळ ठेविलें. दुसरी स्वच्छ ठेविली.

पहिल्या आठवड्यांत फरक दिसला नाहीं. दहाव्या दिवशीं गढूळ बरणींतील पानांवर मातीचा थर बसून तीं पिवळीं पडूं लागलीं. तिसऱ्या आठवड्यांत जुनीं पानें गळलीं व नवीं आलीं नाहींत. चौथ्या आठवड्याच्या अखेरीस वाळू काळी पडून सडका वास सुटला, आणि सहांपैकीं पांच कांडीं मऊ होऊन गेलीं. स्वच्छ बरणींत सहाही रोपें जिवंत होतीं व चारांस नवीं पानें फुटलीं होतीं. हॅलोफिला ओव्हॅलिस महिनाभर अंधारांत राहिल्यास टिकत नाहीं, असें ऑस्ट्रेलियांतील संशोधकांनीं समुद्रांत प्रयोग करून दाखविलें आहे. आमच्या बरणीनेंही तोच निकाल दिला. आणि आपल्या खाड्या तर पावसाळ्यांत चार महिने गढूळ असतात. माती जितकी अधिक जाईल, तितका तो गढूळपणा अधिक दाट आणि अधिक दिवसांचा.

शेतकऱ्यानें काय घ्यावें ?

ती गढूळ बरणी समोर ठेवून आम्हीं हिशेब केला. त्या मुठींत जी माती होती, ती आमच्याच नाचणीच्या तुकड्याची. तिच्यांतील कस आमचा, आणि नासाडी व्याह्यांच्या दारांत. म्हणजे एका मातीचें नुकसान दोन खातेदारांच्या नांवें पडतें, आणि जमेच्या बाजूस कोणाचेंच नांव नाहीं. महाड-पोलादपूराकडे वर्षास ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पावसांत उघड्या उतारावर नांगर धरणें म्हणजे माती वाहावयास मोकळी करणें होय. यावर आम्हीं आमच्या जमिनींत केलेले उपाय असे :

१. वरकस उतारावर नांगरट आडवी, समपातळीनें केली; उभी नांगरट बंद केली.

२. दर बांधाच्या कडेनें वाळ्याचे ठोंब वीतभर अंतरानें लाविले. वाळ्याचीं मुळें सरळ खोल जातात, गुरें त्यास सहसा तोंड लावीत नाहींत, आणि त्याच्या दाट रांगेपाशीं पाणी गाळ टाकून पुढें जातें.

३. अति उताराचा तुकडा नाचणीखालून काढून गवतास सोडला. वैरण मिळूं लागली, माती राहिली.

४. भातास युरिया फेकून देण्याचें सोडून चारसूत्री पद्धतीप्रमाणें युरिया-डीएपीच्या गोळ्या चार चुडांच्या मध्यें सात ते दहा सेंटिमीटर खोल दाबूं लागलों. फेकलेलें खत पाण्याबरोबर वाहतें. खोचलेलें मुळांशीं राहतें. टाकींतील युरियानें हा धडा आम्हांस फार स्वस्तांत दिला.

गेल्या गणपतींत व्याही आले, तेव्हां त्यांस टाकी दाखविली. हाताएवढ्या जागेंत लावलेलें गवत आतां तळाचा निम्मा भाग व्यापून आहे. त्या दोन बरण्याही आम्हीं राखून ठेविल्या होत्या. गढूळ बरणीचें झांकण काढून त्यांनीं वास घेतला आणि म्हणाले, "हा वास आम्हांस ओळखीचा आहे." नंतर ते आमच्याबरोबर वरकस तुकड्यावर आले. पाऊस पडत होता. वाळ्याच्या रांगेवरचें पाणी तांबडें आणि खालचें बरेंच निवळ होतें. तें पाहत ते कांहीं वेळ उभे राहिले, आणि त्यांनीं एवढेंच विचारलें, "ठोंब किती लावले?"

आम्हीं सांगितलें, "यंदा पाऊणशें."

"पुढल्या सालीं आणखी लावा. सारा त्यांत वळता करूं."

ज्या वाचकांस टाकी करणें शक्य नसेल, त्यांनीं निदान एक बरणी करावी. पहिल्या मोठ्या पावसांत आपल्या शेताच्या खालच्या मोरींतून पाणी भरून आणावें, रात्रभर तिवईवर ठेवावें, आणि सकाळीं तळाशीं किती बोटें गाळ बसला तें मोजून वहींत टिपावें. पुढील वर्षीं त्याच मोरीचें पाणी पुन्हां मोजावें. दोन्ही आंकडे शेजारीं मांडले म्हणजे आपण मातीचे किती देणेकरी आहोंत, हें ज्याचें त्यास कळेल.